शॉर्ट्स की फुल पँट? आधी प्रकार ठरू द्या

प्रश्न

सप्रेम नमस्कार. आम्ही नागपूरला नंदनवन भागात राहतो. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावीत शिकते आणि गेली काही वर्षे किकबॉक्सिंगच्या वर्गाला जाते. आजवर ती लाइट कॉन्टॅक्टमध्ये फुल पँट आणि टी-शर्ट घालून खेळली, त्यामुळे घरात कधी वाद झाला नाही. आता तिच्या सरांनी तिला लो किकमध्ये उतरवायचे ठरवले आहे आणि त्यात म्हणे शॉर्ट्स घालावी लागते. सासूबाईंना हे मुळीच मान्य नाही. ह्यांना विचारले तर म्हणतात, तुम्ही सासूसुनाच काय ते ठरवा. शॉर्ट्सऐवजी ट्रॅक पँट किंवा शॉर्ट्सखाली लेगिंग्ज घातली तर चालणार नाही का? सरांना असले काही विचारायला मला संकोच वाटतो. मुलीला मात्र स्वतःचे नाव लिहिलेली चकचकीत साटीनची शॉर्ट्स हवी आहे. शिवाय दोन किलो वजन उतरवायचे म्हणून ती सध्या प्लास्टिकचा सूट घालून धावते आहे. ते बरोबर आहे का?
— एक आई, नागपूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण जो प्रश्न सर्वांत शेवटी आणि जाता जाता विचारला आहे, त्याचे उत्तर मी आधी देतो, कारण आपल्या पत्रातील खरी काळजीची गोष्ट तीच आहे. तो प्लास्टिकचा सूट आजच काढून ठेवा. अंगावरचा घाम हवेत उडून जातो तेव्हाच शरीर थंड होते. प्लास्टिक नेमके हेच होऊ देत नाही, त्यामुळे घाम भरपूर निथळतो पण शरीराचा ताप मात्र वाढत जातो. अशा धावण्याने जे दोन किलो उतरतात ते चरबीचे नसून पाण्याचे असतात आणि पाणी प्यायल्यावर ते परत येतात. अमेरिकेत १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवण्याच्या अशाच खटाटोपात दगावले, तेव्हा तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी घातली. ते मृत्यू थंडीच्या दिवसांत झाले होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि सकाळी आठलाच ऊन अंगावर येते. तिथे सोळा वर्षांच्या मुलीने हा प्रयोग करणे धोक्याचेच आहे. तिचे वजन खरोखरच गटापेक्षा दोन किलोने जास्त भरत असेल, तर तिने वरच्या वजनगटात खेळावे किंवा आहारात बदल करून पुढच्या स्पर्धेपर्यंत थांबावे. वाढत्या वयात तिसरा मार्ग शोधू नये.

आता कपड्यांकडे वळू. आपल्या घरात जो वाद चालला आहे तो शॉर्ट्स चांगली की वाईट असा आहे. माझ्या मते त्याची मांडणीच उलटी झाली आहे. किकबॉक्सिंगमध्ये खेळाडू काय घालतो हे बरेचसे तो कोणत्या प्रकारात खेळतो यावर ठरते, आणि त्या प्रकारात पाय कुठे मारण्याची परवानगी आहे यावर पोशाखाचा नियम बेतलेला असतो. म्हणून आधी प्रकार ठरला पाहिजे. पोशाख त्याच्या मागोमाग येतो.

या खेळाची जागतिक संघटना म्हणजे वाको. ती १९७६ साली स्थापन झाली आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला पूर्ण मान्यता दिली. तिच्या नियमांत लढतीचे काही प्रकार मॅटवर होतात आणि काही रिंगमध्ये. मॅटवरच्या पॉइंट फाइटिंग आणि लाइट कॉन्टॅक्टमध्ये पाय कमरेच्या वरच मारायचा असतो (पायझाडीचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय घोट्याशी झाडण्याचा, अपवाद सोडला तर), म्हणून तिथे घोट्यापर्यंतची पँट असते. मॅटवरचाच तिसरा प्रकार किक लाइट. त्यात मांडीवर पाय मारता येतो आणि लगेच पोशाखात शॉर्ट्स आणि टी-शर्ट येतो. रिंगमधल्या फुल कॉन्टॅक्टमध्ये फटके पूर्ण ताकदीचे असले तरी पाय पुन्हा कमरेच्या वरच, म्हणून पुन्हा लांब पँट. रिंगमधल्याच लो किक आणि के-वन या प्रकारांत मांडीवर प्रहार चालतो, म्हणून शॉर्ट्स. म्हणजे मांडी हे लक्ष्य झाले की पँट जाते आणि शॉर्ट्स येते. पुरुष रिंगमध्ये उघड्या अंगाने लढतात. मुली अंगाला बसणारा टॉप किंवा टी-शर्ट घालतात. सासूबाईंना हे बहुधा कोणी सांगितलेले नसावे.

लांब पँटचा उगम कराटेत आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात कराटेचे खेळाडू फटके मध्येच न रोखता पूर्ण ताकदीने मारायला लागले. त्यांची पहिली मोठी जागतिक स्पर्धा १९७४ साली लॉस एंजेलिसला झाली, आणि पुढे ते अंगावरचा कराटेचा वरचा सदरा काढून, पँट मात्र तशीच ठेवून रिंगमध्ये उतरू लागले. दुसरीकडे जपानमधले किकबॉक्सिंग थायलंडच्या मुए थाईकडे पाहत वाढले, आणि थाई लढवय्ये फार पूर्वीपासून आखूड, रुंद पायांच्या चड्ड्यांत मांडीवर लाथ मारत आले आहेत. आज एकाच खेळाच्या छत्राखाली दोन पोशाख दिसतात ते या दोन घराण्यांमुळे. यात सभ्य पोशाख आणि असभ्य पोशाख असा भेद कधीच नव्हता.

शॉर्ट्समागे व्यावहारिक कारणही आहे. मांडीवर बसलेला फटका कापडाआड गेला तर तो स्वच्छ लागला की घसटून गेला हे बाजूला बसलेल्या पंचांना कळणे अवघड जाते, आणि फेरीगणिक मांडी सुजते आहे का हे रिंगमधल्या पंचाला आणि डॉक्टरला दिसत नाही. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत एकाच मांडीवर पुन्हा पुन्हा फटके बसले की पाय टेकवणे मुश्कील होते. अशा वेळी कोणीतरी वेळेवर लढत थांबवणे हे आपल्या मुलीच्याच हिताचे असते.

ट्रॅक पँटबद्दल मी स्पष्टच ‘नको’ म्हणेन. बाजारातल्या बहुतेक ट्रॅक पँटना खिसे असतात, चेन असते, घोट्याशी सैल घोळ असतो. प्रतिस्पर्ध्याच्या पायाचे बोट त्या घोळात अडकले तर दोघींपैकी एकीचे बोट किंवा गुडघा जायबंदी होऊ शकतो, आणि असा पोशाख पाहिल्यावर पंच खेळाडूला कपडे बदलायला परत पाठवू शकतो. लेगिंग्जचा मामला थोडा वेगळा आहे. शॉर्ट्सच्या आत, तिच्या काठाबाहेर न डोकावणारी, अंगाला घट्ट बसणारी आखूड टाइट्स घालणे अगदी सर्वसाधारण आहे. ती मी तुम्ही न विचारताही सुचवली असती, कारण लाथ उंच गेली की रुंद शॉर्ट्स वर सरकतेच आणि आपले कपडे जागेवर आहेत का ही शंका मनात असलेली मुलगी मोकळेपणाने पाय उचलत नाही. घोट्यापर्यंतची लेगिंग्ज मात्र आयोजकांच्या परवानगीचा विषय आहे. ती हवी असेल तर प्रवेशिका भरतानाच लेखी विचारावे आणि मिळालेले उत्तर स्पर्धेच्या दिवशी सोबत ठेवावे. ऐन लढतीच्या वेळी पंचांशी हुज्जत घालून मुलीचे चित्त विचलित करण्यात काहीच अर्थ नाही.

लांब पँटच हवी, म्हणून तिला फुल कॉन्टॅक्टमध्ये घालावे, असा एक तोडगा आपल्या घरात कोणाला तरी सुचेल. वरवर तो सोयीचा दिसतो, पण तिची मांडीवरची लाथ चांगली आहे असे पाहूनच सरांनी लो किक सुचवले असणार. तेच शस्त्र काढून घेऊन तिला पूर्ण ताकदीच्या लढतीत उभे करणे म्हणजे कपड्यासाठी खेळ बदलणे झाले. उलट तिला रिंगमध्ये उतरायची घाई आहे का, असा प्रश्न मात्र जरूर विचारावा. लाइट कॉन्टॅक्टमधून आलेल्या मुलीने मध्ये काही काळ किक लाइट खेळणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यात मांडीवरची लाथ आहे, टी-शर्ट आहे, शॉर्ट्सची सवय आहे, आणि फटक्यांचा जोर मर्यादित आहे. हा माझा कल आहे. तिला प्रत्यक्ष खेळताना पाहणारे सर याहून वेगळे सांगू शकतात आणि त्यांचे मत अधिक वजनाचे मानावे.

एक गोष्ट मला आपल्या पत्रात खटकली. शॉर्ट्सची लांबी किती यावर घरात एवढी चर्चा झाली, पण कपड्यांच्या आत काय असते याचा उल्लेख कुठेच नाही. हेडगार्ड, माउथगार्ड, ग्लोव्ह्ज आणि शिनगार्ड या दिसणाऱ्या वस्तू आहेत, त्यामुळे त्या कोणी विसरत नाही. मुलींसाठी चेस्ट गार्ड आणि जांघेचा गार्ड असतो, आणि हे दोन्ही कपड्यांच्या आत घालायचे असल्यामुळे ते विकत घेतलेले असले तरी कित्येकदा पिशवीतच राहतात, कारण मुलींना ते टोचतात आणि आईला दुकानात माप विचारायला लाज वाटते. चेस्ट गार्ड नेहमीच्या स्पोर्ट्स ब्रावर, किंवा त्यासाठी खण असलेल्या ब्रामध्ये, दुकानातच घालून पाहावा. हात डोक्यावर नेला, कमरेतून वळले, खाली वाकले, तरी तो काखेकडे सरकता कामा नये. नवा गार्ड थेट स्पर्धेत घालू नये. आधी सरावात वापरून तो अंगवळणी पडू द्यावा. बाहेरचा टी-शर्ट या सगळ्यासह मापाचा असावा. फार सैल असेल तर ग्लोव्ह त्यात अडकतो आणि फार घट्ट असेल तर खांद्यातून ठोसा सुटत नाही.

हाताच्या पट्ट्यांनाही मी कपड्यांतच धरतो. मोठ्यांसाठीच्या पट्ट्या साधारण साडेचार मीटर लांब असतात आणि बोटांच्या मुळांपासून मनगटापर्यंत गुंडाळायच्या असतात. त्यांवर दहा औंसांचे, म्हणजे सुमारे २८० ग्रॅम वजनाचे ग्लोव्ह येतात. पट्ट्यांच्या निदान दोन जोड्या ठेवा आणि रोज धुवा. नागपूरच्या उन्हाळ्यात ओल्या पट्ट्या आणि घामेजलेले गार्ड बॅगेत कोंबून ठेवले तर दुसऱ्या दिवशी त्यांचा वास येतो आणि काही दिवसांत गजकर्ण हातावर उमटू शकते, आणि ते मॅटवरून घरातल्या सगळ्यांपर्यंत पोहोचू शकते. सुती टी-शर्ट सरावाला ठीक आहे, पण घाम शोषून तो जड होतो आणि अंगाला चिकटतो. स्पर्धेसाठी लवकर वाळणारे कापड घ्यावे. कानातले, नाकातली चमकी, गळ्यातली साखळी, हातातला दोरा हे सगळे लढतीआधी उतरवावे लागते. केसांना साधा रबर बांधावा, पिन किंवा कडक क्लिप लावू नये. चमकी नवीन टोचलेली असेल आणि काढता येत नसेल, तर ती स्पर्धेच्या कितीतरी आधी लक्षात घ्यायची बाब आहे. नखे कापायची राहिली तर तेवढ्यावरूनही मुलीला मागे पाठवले जाऊ शकते.

पत्रात न लिहिलेली, पण बहुतेक आयांच्या मनात असलेली आणखी एक शंका असते. पाळी आणि स्पर्धा एकाच दिवशी आल्या तर? पांढऱ्या पँटच्या प्रकारांत मुली याच धास्तीने खेळताना अवघडलेल्या दिसतात. विम्बल्डनसारख्या शुभ्र पोशाखाचा हट्ट धरणाऱ्या स्पर्धेनेही २०२३ पासून महिला खेळाडूंना गडद रंगाची आतली चड्डी घालण्याची मुभा दिली, ती याच कारणासाठी. लो किकमध्ये गडद शॉर्ट्स आणि आत गडद टाइट्स घालता येतात, म्हणजे ज्या पोशाखाला घरात विरोध आहे तोच त्या दिवशी मुलीला जास्त आधार देतो. हा मुद्दा सासूबाईंसमोर मांडताना कदाचित आपल्याला संकोच वाटेल. त्यांना मात्र तो पटकन समजेल, असे मला वाटते.

सासूबाईंबद्दल आता मोकळेपणाने लिहितो. त्यांचा विरोध कापडाला आहे असे मला वाटत नाही. त्यांची पिढी लुगड्याचा काचा मारून शेतात वाकली, पाण्याचे हंडे वाहिले, आणि त्या वेळी पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून कोणी हातचे काम थांबवले नाही. काम करताना पाय मोकळे हवेत, हे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांना भीती आहे ती लोक काय म्हणतील याची, आणि त्याहून जास्त मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंची. ही दुसरी भीती अगदीच बिनबुडाची नाही. स्पर्धेत फोटो कोण काढते, ते कुठे टाकले जातात, मुलींची वजने स्वतंत्र खोलीत महिला पदाधिकाऱ्यांसमोर घेतली जातात का, कपडे बदलायला दाराला कडी असलेली जागा आहे का, हे प्रश्न आपण आयोजकांना जरूर विचारा आणि उत्तरे सासूबाईंना सांगा. शॉर्ट्सच्या लांबीपेक्षा यांची उत्तरे मिळाल्यावर त्यांचा जीव जास्त भांड्यात पडेल. जमल्यास मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा जिथे मुलींच्या लढती असतील तिथे त्यांना एकदा सोबत न्या. लढत सुरू झाल्यावर कोणाचे लक्ष कपड्यांकडे राहते हे त्यांनाच पाहू द्या.

नातेवाइकांचे म्हणाल, तर निजामाबाद काही नागपूरपासून फार लांब नाही. तिथल्या निखत झरीनने २०२२ मध्ये बॉक्सिंगचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. मुलगी शॉर्ट्स घालून खेळते यावरून आधी नातेवाइकांची बोलणी ऐकावी लागल्याचे तिच्या वडिलांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. पदक मिळाले की बोलणी थांबतात, असा हिशेब मात्र मी आपल्याला सांगणार नाही; आपल्या मुलीला पदक मिळेलच असे नाही आणि न मिळाले तरी तिचा पोशाख तेवढाच योग्य राहील.

उलट टोकाचे एक उदाहरण मला इथे आठवते. २०११च्या सुमारास महिला बॉक्सरांनी स्कर्ट घालावा, म्हणजे त्या पुरुषांपेक्षा वेगळ्या दिसतील, असा आग्रह जागतिक बॉक्सिंग संघटनेतल्या काही मंडळींनी धरला होता. पोलंडच्या संघटनेने तर तो सक्तीचाही करून पाहिला. खेळाडूंनी जोरदार विरोध केला आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, जिथे महिला बॉक्सिंगचे पदार्पण झाले आणि आपल्या मेरी कोमने कांस्यपदक मिळवले, तिथे स्कर्ट की शॉर्ट्स हे खेळाडूंच्याच मर्जीवर सोडावे लागले. अंग झाका म्हणणारे आणि बाईसारखे दिसा म्हणणारे, दोघेही रिंगबाहेर बसूनच बोलत असतात. म्हणून नियमाची चौकट पाळून जे काही ठरवायचे उरते, त्यात शेवटचा शब्द आपल्या मुलीचा असावा. सोळाव्या वर्षी तेवढे तिला ठरवता येते. तिला स्वतःलाच शॉर्ट्समध्ये अवघडल्यासारखे वाटत असेल, तर तिच्या वतीने लेगिंग्जची परवानगी मागायला आपण सर्वांत आधी उभे राहावे. आणि तिला काहीच वाटत नसेल, तर आपला संकोच तिच्या अंगावर चढवू नये.

चकचकीत शॉर्ट्सचा हट्ट मला आवडला. साटीन निव्वळ दिखाऊ असते असे नाही. ते हलके असते, घामाने अंगाला फारसे चिकटत नाही आणि पाय उचलताना मांडीवरून सहज सरकते. बॉक्सिंगची गुडघ्यापर्यंतची ट्रंक घेऊ नका, ती लाथेला आडवी येते. किकबॉक्सिंगची शॉर्ट्स मांडीच्या मध्यापर्यंत, पायात रुंद आणि बाजूला चीर असलेली असते. महागडी ब्रँडची घ्यायला हवी असेही नाही. गांधीबागेतून कापड घेऊन एखाद्या चांगल्या शिंप्याकडून ती शिवून घेता येते. फक्त कमरेला रुंद इलॅस्टिक तीन-चार ओळींत टाचायला सांगा, आत गाठीची नाडी असू द्या, आणि मधल्या शिवणीवर दुहेरी टाका मारून घ्या, कारण उंच लाथेला तीच शिवण पहिल्यांदा उसवते. माप घेताना मुलीला शिंप्यासमोर पाय उंच उचलून दाखवायला लावा, तो काय समजायचे ते समजेल. नाव लिहायचे असेल तर ते धाग्याने भरून घ्यावे. जाड प्लास्टिकचे चिकटवलेले अक्षर धुण्यात निघते आणि त्याची कड टोचते. जाहिरात किंवा प्रायोजकाचे चिन्ह मात्र विचारल्याशिवाय लावू नका.

राहता राहिला सरांना विचारण्याचा संकोच. प्रशिक्षकांना पोशाखाबद्दल विचारणे हे ग्लोव्हचे माप विचारण्याइतकेच साधे आहे, आणि ज्यांना ते खटकेल अशा प्रशिक्षकाकडे मुलगी ठेवावी का, याचा विचार करायला हवा. समोर बोलवत नसेल तर व्हॉट्सॲपवर लिहा: कोणता प्रकार नक्की केला आहे आणि का, तिच्या वयाला तो खुला आहे का, त्या स्पर्धेची नियमपुस्तिका पाहायला मिळेल का, लेगिंग्जबाबत आयोजकांचे म्हणणे काय, आणि तिने कोणत्या वजनगटात उतरावे असे त्यांना वाटते. शेवटचा प्रश्न लिहिताना प्लास्टिकच्या सूटबद्दलही सांगा; त्यांना ते माहीत नसेल तर कळेल, आणि त्यांनीच तो घालायला सांगितला असेल तर तेही आपल्याला कळेल. या उत्तरांनंतरच प्रवेशिका भरा, आणि साटीन घ्यायला गांधीबागेत त्यानंतर जा.